जमीन खचतेय हे उपग्रहाला दिसतं, सरकारला कधी दिसणार?

मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

आमच्या घराच्या तपासणीचा अहवाल परवा हातात पडला. निष्कर्ष एकच: बांधकाम निकृष्ट, म्हणून भेगा. तपासायला आलेले अभियंते भिंतीवरच्या भेगेवर काचपट्टी चिकटवून गेले होते; भेग वाढली की ती तडकते. ‘पट्टी तडकली की कळवा, मी लगेच येतो,’ असा शब्द दिला होता. पट्टी तडकली, आम्ही कळवलं. ते आले नाहीत, अहवाल आला.

मी मूळचा साताऱ्याचा, पण हाडं दिल्लीत झिजवली. घर कापसहेड्याजवळ आहे. 2022 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात आयआयटी मुंबईचे संशोधकही होते. उपग्रहाच्या रडारवरून त्यांनी मोजलं की 2014 ते 2016 या काळात कापसहेड्याची जमीन वर्षाला सुमारे 11 सेंटिमीटर खचत होती आणि पुढच्या दोन वर्षांत हा वेग सुमारे 17 सेंटिमीटरवर गेला. विमानतळाची हद्द इथून किलोमीटरभरही लांब नाही. आता सांगा, निकृष्ट काय आहे, माझं बांधकाम की तुमचं पाणीनियोजन?

नळाला पाणी नाही म्हणून बोअर, बोअर आटला की आणखी खोल बोअर, तोही आटला की टँकर. तो टँकरही कुठल्या तरी बोअरवरच भरतो. खालच्या चिकणमातीच्या थरांतलं पाणी गेलं की ते थर दबतात आणि पुढे कितीही पाऊस पडला तरी बरेचसे दबलेलेच राहतात. हे तुमच्या भूजल मंडळाला मी शिकवायचं?

घराचं कर्ज अजून फिटलेलं नाही. खालचे भाडेकरू भिंत बघून निघून गेले. आईच्या खोलीचं दार चौकटीत बसत नाही, रात्री ते दोरीने बांधावं लागतं. घर विकायला काढलं तर दलाल फोनसुद्धा उचलत नाहीत. ‘तुमचंच काम कच्चं’ हे सरकारी कागदावर वाचताना आईला काय वाटलं असेल?

उपाय नाही असंही नाही. त्याच अभ्यासात दिल्लीतल्याच, शेजारच्या द्वारका भागात भूजलाचा उपसा आवरल्यावर खचणं थांबून जमीन थोडी वर आल्याचं दिसलं. मग आम्ही काय पाप केलं? 30 जुलै 2025 रोजी ‘निसार’ हा इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह अवकाशात गेला. दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो, ढग असोत की रात्र, त्याला दिसतं. त्याची मोजमापं आणि विहिरींची पाणीपातळी एकत्र करून वॉर्डनिहाय नकाशा दर तिमाहीला जाहीर करा. आणि आम्हाला नळाचं पाणी द्या.

पण नकाशा आला तरी टिकेल का? जानेवारी 2023 मध्ये जोशीमठ 12 दिवसांत 5.4 सेंटिमीटर खचल्याचं इस्रोच्या केंद्राने जाहीर केलं. लगेच सरकारी संस्थांना माध्यमांशी बोलू नका असं कळवलं गेलं आणि अहवाल संकेतस्थळावरून उतरला. तिथलं कारण वेगळं होतं, पण खचणाऱ्या घरातल्या माणसाआधी आकडा लपवायची घाई तीच.

आपत्ती निधीच्या यादीत भूस्खलन आहे, हिमस्खलन आहे. पाणी उपसल्याने हळूहळू खचणाऱ्या जमिनीला त्यात जागा नाही. यादी गृहखात्याची, नळ राज्याचा, उपग्रह अंतराळ विभागाचा, असं सांगून मला पुढच्या खिडकीवर पाठवू नका. भूजल तुमच्या खात्याकडे आहे. माझ्या घराची फेरतपासणी रडारच्या नोंदी समोर ठेवून कधी होणार, ती तारीख लेखी कळवा.

आपला,
कापसहेड्याजवळचा एक रहिवासी