मुक्ताला इतिहास घेऊ दे

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. मुक्ताला बारावी सायन्सनंतर बी.ए.ला इतिहास घ्यायचाय आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही, हे वाचून जीव कळवळला. लगेच लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं असतं, म्हणून थांबलो.

"सनावळ्या पाठ करून पोट भरतं का?" असं तू विचारलंस. पोटाचं आधी सांगतो. नोकऱ्या कमी आहेत. प्राध्यापकीसाठी नेट-सेट, मग जागा निघायची वाट बघणं. स्पर्धा परीक्षांना रांगा. खोटा दिलासा मी देणार नाही.

पण सनावळ्यांचं म्हणशील तर एकच सन बघ. आजोबांच्या पुस्तकात शिवजन्म १६२७चा होता, आपल्या पोरांच्या पुस्तकात १६३०चा. हे कसं झालं, ते एम.ए.ला येईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सनावार नोंदींच्या यादीत, नोंद आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेची. टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. मी वर्गात शकात ७८ मिळवून १६२९ काढलं. सर एवढंच म्हणाले, "फाल्गुन वर्षाच्या कुठल्या टोकाला येतो?" शक बदलतो चैत्रात, इंग्रजी सन त्याआधीच बदललेला असतो, म्हणून फाल्गुनात ७९ मिळवायचे. आणि तरीही एका नोंदीवर कुणी विसंबलं नाही. शिवकाळातल्या परमानंद कवीच्या शिवभारत या काव्यात तीच तिथी निघाली, राजस्थानात मिळालेल्या कुंडलीशीही मेळ बसला. तरी वाद पुढे कितीतरी वर्षं चालला.

दुसऱ्या वर्षी पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या संग्रहात, बसलो. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडायचा, कागद उलगडायचा. मोडी लागता लागेना. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. आठ दिवसांनी एक कागद लागला. पाऊस नाही म्हणून गावानं शेतसाऱ्यात सूट मागितलेली. मी भारावून दुष्काळावर टिपण लिहिलं. सरांनी ते वाचून विचारलं, "सूट मागणारा माणूस पाऊस उत्तम झाला असं लिहील का?" मग शेजारच्या गावांचे हिशेब, पुढच्या सालची वसुली असं काढत बसलो. महिना गेला. दुष्काळ खरा निघाला, पण मला वाटला होता तेवढा पसरलेला नव्हता. नदीकाठच्या दोन गावांनी पूर्ण सारा भरला होता.

घरी वाचून हे येत नाही का? मला नाही आलं, सुहास. लहानपणापासून किती वाचलं होतं ते तुला ठाऊक आहे. जे आवडतं त्याचाही पुरावा मागायचा, हे समोर बसून टिपण परत करणाऱ्या माणसानं शिकवलं. आता घराचा करारनामा हाती येवो की फोनवर फिरणारा मजकूर, मी आधी बघतो: कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, आणि त्यातून त्याला काय हवंय.

दिवाळीच्या सुट्टीत मुक्ताला चार दिवस आमच्याकडे पाठव. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात घेऊन जाईन, मोडीची बाराखडीही गिरवून घेईन. तूही आलास तर फार बरं वाटेल. प्रवेशाचं मात्र तिलाच ठरवू दे.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश