ती माणसे घर सोडून का जात नाहीत?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची संहिता मिळाली. संहिता दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. दोन प्रकाशकांकडून ती साभार परत आली, तेव्हा झपाटलेल्या घराचा विषयच शिळा झाला असावा, असे तू लिहिले आहेस. ते मला पटत नाही. प्रकाशकांसाठी संहिता वाचून अभिप्राय लिहिण्याचे काम मी इतकी वर्षे करतो आहे, पण केवळ विषय जुना म्हणून एखादी भयकथा परत पाठवल्याचे मला आठवत नाही. ज्या परत जातात त्या बहुधा एकाच कारणाने जातात: त्या घरात जे घडते, ते दुसऱ्या कोणत्याही घरात आणि दुसऱ्या कोणत्याही कुटुंबाच्या वाट्याला आले असते, तरी कथेचे काहीच बिघडले नसते.

विषयाच्या जुनेपणाचे म्हणशील, तर धाकटा प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी सुरा नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात अथेन्समधल्या अशाच एका घराची हकीकत आहे. रात्री साखळदंड वाजतात म्हणून ते घर ओस पडलेले असते. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ भाडे संशय यावा इतके कमी का, याची चौकशी करतो आणि खरे कारण कळल्यावर तर अधिकच उत्साहाने तेच घर घेतो. रात्री तो लिहीत बसलेला असताना भूत समोर उभे राहून त्याला बोटाने खुणावते. हा हातानेच 'जरा थांब' असे सांगून पुन्हा लिहू लागतो आणि ते बिचारे त्याच्या डोक्यावर साखळ्या खुळखुळवत राहते. पुढे अंगण खणले जाते, साखळ्यांत अडकलेली हाडे सापडतात, त्यांचे रीतसर दफन होते आणि घर शांत होते. हाडे, साखळ्या आणि दफन यांच्या हजारो नकला पुढे झाल्या. माझ्या मनात राहिला तो भुताला ताटकळत ठेवणारा माणूस, कारण तसे करणारा तोच एक होता.

अशा संहितेत मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो: ही माणसे घर सोडून का जात नाहीत? कर्ज फिटायचे आहे, रस्ता वाहून गेला आहे, ही उत्तरे चालतात. पण ती केवळ कुलपासारखी असतात. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांच्या झपाटलेल्या घरावरील १९५९ सालच्या कादंबरीतील एलेनॉरला जगात आपले म्हणावे असे दुसरे ठिकाणच नसते, म्हणून ते भयंकर घर तिला हवेसे वाटते. असे उत्तर सापडले की भीती बाहेरून आणावी लागत नाही.

आणि नेमके हेच तुझ्याजवळ आहे, पण तू ते एकतिसाव्या पानावर तीन ओळींत उरकले आहेस! मुलगी जाऊन वर्ष होते, आई दरवाजाची चौकट पुसायला घेते, आणि मुलीच्या उंचीच्या शेवटच्या खुणेवर दोन बोटे अंतर सोडून पेन्सिलीची एक नवी खूण तिला दिसते. तिथे मी वाचायचा थांबलो. घर विकायला निघालेला बाप आणि ज्या घरात आपली मुलगी अजून वाढते आहे ते सोडायला तयार नसलेली आई, एवढ्यात तुझी सगळी कथा आहे. त्याआधीची तीस पाने वादळ, गेलेली वीज आणि 'तिकडे जाऊ नका' म्हणणारा म्हातारा यांत खर्ची पडतात. संपादकाकडे असे ढिगाने येते. तो एकतिसाव्या पानापर्यंत पोहोचलाच नसेल. कथा त्या चौकटीपाशीच सुरू कर.

मूळ मालकाच्या खुनाची चौदा पाने निर्दयपणे काढून टाक. माळ्यावर सापडलेली जुनी वहीही नको. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७६४ साली आपली भयकादंबरी सापडलेल्या जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून छापली होती, तेव्हापासून ही युक्ती राबते आहे आणि आता ती फार थकली आहे. वहीने सगळे उलगडले की मुलगी त्या कथेत उरत नाही, मालक उरतो.

संहितेसोबतच्या पत्राबद्दल थोडे. 'अंगावर काटा आणणारी' आणि 'खिळवून ठेवणारी' ही विशेषणे संपादकाच्या काही कामाची नसतात. कथा त्याला आवडली, तरी विक्री सांभाळणाऱ्यांपुढे ती एकदोन वाक्यांत मांडावी लागते, आणि ती वाक्ये तूच त्याला दिलेली बरी: मेलेल्या मुलीच्या उंचीची खूण दर वाढदिवसाला वर सरकते, म्हणून आई घर विकू देत नाही. सारांशात शेवटही लिही. तिथे उत्सुकता ताणायची नसते.

एक गोष्ट मात्र मला संहितेत कुठेच सापडली नाही. खुणा अशाच वर जात राहिल्या, तर एका वाढदिवसाला ती खूण आईच्या डोक्याच्याही वर असेल. त्या सकाळी आई काय करते? ते पान लिहून झाले की बाकीच्या दुरुस्त्यांसाठी न थांबता तेवढेच पाठव.

तुझा,
जुना वाचक आणि मित्र