आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : बाईचं डोकं अचानक दुखलं तर पित्त म्हणून घरी पाठवू नका

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

देवगड तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून मी नोकरी केली, आता निवृत्त आहे. मागणं एकच आहे. क्षणार्धात असह्य झालेली डोकेदुखी घेऊन बाई सरकारी दवाखान्यात आली, तर सीटी स्कॅन झाल्याशिवाय तिला घरी पाठवू नये, असा लेखी आदेश काढा.

ब्रेन हॅमरेज म्हटलं की आपल्याकडे पुरुषच डोळ्यांपुढे येतो. मेंदूच्या आत होणाऱ्या रक्तस्रावात पुरुष जास्त असतात, हे खरं. पण मेंदूच्या आवरणाखाली होणारा रक्तस्राव वेगळा. तो बहुतेकदा धमनीला आलेला फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटून होतो आणि त्यात बायका जास्त सापडतात. असे फुगवटे शंभरातल्या साधारण तिघांना असतात. बहुतेकांचे आयुष्यभर फुटत नाहीत. मात्र पन्नाशीनंतर बायकांमध्ये त्यांचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि धमनीच्या भिंतीचं संरक्षण कमी होतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आमच्या वाडीतली एक काकी मे महिन्यात अंगणात आंब्याची साठं घालत होती. ताट हातातून सुटलं. "गो, माझ्या डोक्यात कायतरी फुटला," एवढंच ती सुनेला म्हणाली, मग उलटी झाली. सुंठीचा लेप लावून तिला काळोख्या खोलीत निजवलं. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, तिथे पित्ताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. मान ताठ झाली होती, ती कुणी वाकवून बघितली नाही. पहाटे ती बेशुद्ध झाली. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

एकदा फुटलेली जागा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांतच सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तेच तास आमच्याकडे बाम चोळण्यात जातात. सुरुवातीच्या सहा तासांत केलेला साधा सीटी स्कॅन हा रक्तस्राव जवळजवळ नेहमीच दाखवतो. पुढे रक्त पातळ होत जातं, स्कॅन चुकू शकतो, मग पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. म्हणून यंत्र तालुक्यापासून जवळ हवं, रात्रीही चालू हवं, आणि त्याची चित्रं जिल्ह्याच्या ठिकाणचा रेडिओलॉजिस्ट तेव्हाच ऑनलाइन वाचेल अशी सोय हवी. यंत्र आहे पण चालवणारा तंत्रज्ञ रजेवर आहे, हे उत्तर आम्ही पुष्कळ ऐकलं.

सिंधुदुर्गात ओरोसला आणि रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, याचा मनापासून आनंद आहे. फुटलेल्या फुगवट्याला क्लिप लावणं किंवा मांडीच्या धमनीतून तार नेऊन त्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरणं, हे चोवीस तास तिथेच व्हायला हवं. तोवर १०८च्या गाडीला ठरवून द्या, की असा रुग्ण मधल्या दोन दवाखान्यांत न थांबवता थेट न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी न्यायचा. करूळ घाट चढून कोल्हापूरला की खाली गोव्याला, हा वाद घरच्यांनी रात्री दोन वाजता गाडीत बसून घालावा का?

असा रक्तस्राव टाळायचा तर रक्तदाबही सांभाळायला हवा, त्याचंही सांगते. गरोदरपणात आम्ही बाईचा बीपी दर भेटीत मोजतो. बाळंतपण झालं की ती आमच्या वहीतून जाते. तिशीनंतरच्या तपासणीचे फॉर्म भरले जातात, पण गोळ्या नियमित मिळतात का, ती घेते का, हे बघायला कुणी जात नाही. त्यात मशेरी. तंबाखूच ती, निकोटीनने रक्तदाब चढतो, तरी तिला व्यसनात धरत नाहीत. ज्या घरात दोन सख्ख्या नातेवाइकांना असा रक्तस्राव झालाय, तिथल्या बायकांची नावं आशाताईंनी वेगळी नोंदवावीत आणि त्यांना न्यूरोसर्जनकडे पाठवावं, कारण हा धोका घराण्यातही चालतो.

आदेश काढलात तर त्याची प्रत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढतात त्या खिडकीपाशी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लावायला सांगा.

आपली,
देवगड तालुक्यातील एक निवृत्त आरोग्य सेविका