बारवेच्या (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या) कामाला हातभार लावणाऱ्यांचे आभार

देणगीच्या पावतीवर नावाऐवजी फक्त 'एक ग्रामस्थ' लिहायला लावणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या पैशातून गाळ उपसायचा पंप, घमेली, दोर आणि कळीचा चुना आला. सिमेंटची पोती देऊ केलेल्यांनी ती बदलून चुना दिला, हे फार मोलाचं. बारवेचे खालचे थर चुन्याशिवाय रचलेले आहेत. झरे त्याच सांध्यांतून येतात. तिथे सिमेंट भरलं की पाणी दगडामागे साचतं आणि भिंत फुगते. चुना फक्त वरच्या कठड्याला लावला: एक भाग चुना, तीन भाग वाळू, वर ओली गोणपाटं. ती रोज भिजवणाऱ्या मावश्या-वहिनींनो, कठडा तडकला नाही तो तुमच्यामुळे. पिंपळाची मुळं नुसती न छाटता दगड उतरवून समूळ काढणाऱ्यांचेही ऋण मोठे. मूळ सांध्यात उरलं की पावसाळ्यात पुन्हा फुटतं. शिल्लक रक्कम पुढच्या गाळ उपशासाठी ठेवली आहे, हिशेब मंदिराच्या फळ्यावर लावला आहे.