संत्र्याची तहान

नागपूर,
२५ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

काटोलची बाग हाती घेतलीस आणि पहिला प्रश्न नेमका विचारलास: डिसेंबरात पाणी तोडायचं की नाही? तोडायचं. पण कशासाठी ते कळलं, की पुढची निम्मी कामं तुला आपोआप सुचतील.

संत्र्याचं झाड सुखात असलं की पालवी काढत राहतं, फुलत नाही. फुलायला त्याला थंडी लागते, नाही तर तहान. आंब्या बहाराला, म्हणजे संत्र्याच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याला, दोन्ही मिळतात. डिसेंबरात ओलीत बंद, वरून गारठा. जानेवारीत पाणी सुरू केलं की फूल येतं आणि ऑक्टोबरपासून पुढे फळ उतरतं. मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्याला, नुसती तहान. मे महिना कोरडा काढायचा, पाऊस आला की फूल, फळ फेब्रुवारी-मार्चात. म्हणून ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसतं तो मृगाकडे वळतो, कारण आंब्या बहाराचं संत्रं मे महिन्यात झाडावर असतं आणि ते पाणी मागतं. पाणी केव्हा तोडायचं, हेसुद्धा आपल्या लोकांनी आंब्याच्या मोहरावर आणि नक्षत्रावर बांधून ठेवलं होतं.

ती बांधणीच आता सैल होते आहे. हवामान बदललं म्हटलं की सगळे ४५ अंशांकडे बोट दाखवतात. मला विचारशील तर बागेचा घात अवेळी ओल करते. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि पाऊस आला की एकदम कोसळतो. डिसेंबरात आभाळ राहिलं की रात्रीचा पारा उतरत नाही, थंडी हुकते. वर एक दमदार सर आली की तहानही गेली. महिनाभर पाणी तोडून दिलेला ताण एका रात्रीत मोडतो आणि झाड फुलाऐवजी पालवी फेकतं. मे मधला वळीव मृगाचं तेच करतो. उलट जून कोरडा गेला तर ताण लांबून फांद्या वाळतात. तेव्हा मृगाच्या पावसाची वाट न बघता हलकं पाणी द्यावं लागतं.

आता तुझं काम. हलक्या-मध्यम जमिनीत ताण ३० ते ४५ दिवस, भारी काळ्या जमिनीत ४५ ते ६०. पण दिवसांवर विसंबू नको, पान बघ. पान फिकट पडलं, दुपारी मलूल दिसलं, चौथाईच्या आसपास पानगळ झाली की ताण पुरे. पहाटेही पानाने मान टाकलेली दिसली तर जास्त झाला, त्याच दिवशी ताण तोड, म्हणजे पाणी सुरू कर. काळ्या जमिनीला भेगा पडून मुळं तुटतात, म्हणून उथळ वखरणी करून त्या बुजव. कुटाराचं (भुशाचं) आच्छादन ताण तोडल्यावरच घाल. आधी घातलंस तर ओल धरून ठेवेल आणि ताण बसणारच नाही.

मध्येच पाऊस आला तर? दर दोन ओळींआड उताराच्या दिशेने चर हवा: खोली ३० सेंटिमीटर, तळाशी रुंदी ३०, वर ४५. पाणी निघून गेल्यावर क्लोरमेक्वाट क्लोराईड लिटरला २ मिली या प्रमाणात फवारतात, त्याने पालवी रोखली जाते. दुकानदार 'बहार फोडणाऱ्या' आणखी चार बाटल्या पुढे करेल, त्या तिथेच राहू दे.

ताण तोडताना पहिलं पाणी हलकं, भरपूर नंतर. वाढलेल्या झाडाला शेणखत ४० ते ५० किलो, स्फुरद-पालाश सगळं, नत्र अर्धंच. उरलेलं नत्र फळ वाटाण्याएवढं झाल्यावर. एप्रिल-मे मध्ये फळगळ झाली तर १०० लिटर पाण्यात जिब्रेलिक आम्ल दीड ग्रॅम आणि युरिया १ किलो मिसळून फवार. आम्ल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळव, थेट पाण्यात नीट विरघळत नाही.

आणि डिंक्या. तुंबलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा बुरशी वाढते, साल कुजते, डिंक गळतो. पावसाचे असे झोड बसायला लागल्यावर याला विसरून चालणारच नाही. आळं दुहेरी कर. आतला वरंबा असा घाल की ओलिताचं पाणी बुंध्याला शिवणार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लाव: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र कर, भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं कधीच नको. स्वच्छ विळ्याचं पातं मिनिटभर बुडव. तांबूस चढलं तर चुना कमी पडला, आणखी घाल. मलम त्याच दिवशी संपव.

पाणी कोणत्या तारखेला तोडलंस ते कॅलेंडरवर लिही, शेजारी रोजचं किमान तापमान. वीस दिवसांनी एकाच फांदीचे दोन फोटो पाठव, एक पहाटेचा, एक दुपारी दोनचा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक