वह्या रद्दीत देणार नाही

मनू,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं आणि तू ठेवून दिलास म्हणून लिहितेय. एवढा लांबलचक मेसेज बघून वैतागशील, पण मेसमधून आल्यावर सावकाश वाच, रिक्षात बसून वाचू नकोस. आधी सांगून टाकते, तू कितीही म्हणालीस तरी पुस्तकं वाचून लिहिलेल्या तुझ्या त्या वह्या मी रद्दीत देणार नाही. रद्दीवाला येऊन गेला, बाबांनी पेपरचे गठ्ठे दिले त्याला. तुझ्या वह्या तुझ्याच कपाटात आहेत, वरच्या कप्प्यात, खाली आता या घरात कुणी कागद ठेवत नाही तुला माहितीच आहे.

तुमचे ते सर नेमकं काय बोलले ते मला नीट कळलं नाही. तू म्हणालीस त्यांनी तुझं लिहिलेलं वर्गात वाचून दाखवलं आणि म्हणाले हे बाळबोध आहे, "मला राग आला, मला रडू आलं" याला साहित्यात काही किंमत नाही, आणि पोरं हसली. त्यांचा विषय आहे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी काही बोलत नाही. मला एवढंच कळत नाही की तुझा आवाज इतका बारीक का येत होता. रूममध्ये कुणी होतं का? झोप होते ना रात्रीची? हे विचारायचं नाही असं ठरवून बसले होते, पण विचारलंच.

फोन झाल्यावर स्वयंपाक तसाच टाकून वह्या काढल्या. चौथीतली ती मांजराच्या चित्राची वही आधी. श्यामची आई वाचून तू लिहिलंयस, "श्यामची आई सगळ्यांना शिकवते. ती कधी झोपते ते पुस्तकात नाही." आणि खाली मोठ्या अक्षरात, "माझी आई पण." त्या दिवशी तुझी आजी दवाखान्यात होती आणि मी दोन्हीकडं पळत होते, मला वाटायचं पोरीच्या काही लक्षात येत नाही. सगळ्या महाराष्ट्रानं ते पुस्तक रडत रडत वाचलं, मी पण वाचलं, पण ती बाई झोपते कधी हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग कार्व्हरचं पान. तुला आठवतं का, एक होता कार्व्हर तू पाचवीच्या सुट्टीत वाचलंस, आणि जेवताना ताट तसंच ठेवून बसलीस. त्याला तान्हा असताना त्याच्या आईसकट पळवून नेलं, मालकानं घोडा देऊन पोराला सोडवून आणलं, आई काही परत मिळाली नाही. तू लिहिलंस, "आईसाठी दुसरा घोडा का नाही पाठवला? आणि त्या घोड्याचं पुढं काय झालं?" बाबांनी ते पान मार्केट यार्डात नेलं होतं, हळदीचे सौदे चालू असताना अडत्यांना वाचून दाखवलं, तुला आजवर सांगितलं नाही कारण तू चिडली असतीस. त्या कोपऱ्यावर अजून पिवळं बोट आहे.

हेच पान पुरात पण राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आपल्या खालच्या खोल्या बुडाल्या आणि आपण आत्याकडं विश्रामबागला. परत आल्यावर चिखलातून वह्या काढल्या, उन्हात टाकल्या असत्या तर पापडासारख्या वाकल्या असत्या म्हणून फॅनखाली एकेका पानात पेपर घालून वाळवल्या, पेपर ओला झाला की बदलायचा, आठवतंय ना. बॉलपेननं लिहिलेलं सगळं राहिलं. तुझं ते जांभळं जेलपेन मात्र पार धुऊन गेलं, फास्टर फेणेची पानं नुसती फिकट जांभळी झालीत, एक अक्षर लागत नाही. घरभर ट्टॉक ट्टॉक करत फिरायचीस तेवढं आठवतंय, लिहिलं काय होतं ते तू सांग. तेव्हा नगरवाचनालयातली पण पुस्तकं भिजली होती, आणि आपली भांडीकुंडी गेली ते सोडून तू त्या पुस्तकांसाठी रडलीस. बाबा म्हणाले रडू दे तिला.

बघ, सांगायचं होतं एक आणि मी पुरात शिरले.

तर सांगायचं हे की सर शिकवतात ते शिक. पुस्तक कसं बांधलंय, लेखकानं कुठं काय लपवलंय, हे कळायला पाहिजे आणि त्यासाठीच तुला पाठवलंय. पेपरात ते म्हणतात तसं लिही, मार्क घे. पण एखादं पुस्तक आवडलं का नाही हे आधी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवायला लागलीस तर मला ते चालणार नाही. तू परवा म्हणालीस, "मला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे गं." असं तू कधी बोलायची नाहीस. आठवीत बनगरवाडी वाचून तू आटपाडीला जायचा हट्ट धरलास, विट्यावरनं एसटीनं गेलो, आणि तिथं डाळिंबाच्या बागा बघून तू तोंड फुगवून बसलीस. १९५५ सालचं पुस्तक, त्यात दुष्काळानं अख्खी वाडी उठून जाते, तू तीच वाडी शोधायला गेली होतीस. मामा सांगत होता आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, चांगलं झालंय, तर तू त्यालाच म्हणालीस की चांगलं झालं पण पुस्तकातल्या मास्तरानं एवढी खपून बांधलेली तालीम ओस पडली त्याचं काय. तेरा वर्षांची होतीस. मामा अजून सगळ्यांना सांगतो.

लेक्चर झालं ना? सॉरी. तू कानाला हेडफोन लावले असतील एव्हाना.

एकच पान अजून. फकिरा वाचलंस तेव्हा दहावी होती आणि मी ओरडत होते की हे नंतर वाच. ते लिहिणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव माझ्या माहेरपासून लांब नाही, आप्पा अण्णाभाऊंचं नाव निघालं की खुर्चीतून उठून बसायचे. शाळेचं तोंड फारसं न बघितलेला माणूस आणि पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेलं, हे आप्पा आल्यागेल्याला सांगायचे. तुझ्या वहीत त्या पुस्तकासाठी पूर्ण पान आहे आणि पानावर एक ओळ. "मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही." बाकी कोरं. पोटासाठी धान्य लुटणारा आणि शेवटी गावाचा जीव वाचावा म्हणून स्वतः हजर होणारा माणूस वाचून पंधरा वर्षांच्या पोरीनं अजून काय लिहायचं होतं? सरांनी हेच वाचून दाखवलं का? हेच असेल तर मला सांग. मी कॉलेजात येणार नाही, भिऊ नकोस. नुसतं सांग.

मला त्या वर्गातल्या हसण्याची भीती वाटत नाही मनू. तू ते हसणं रूमवर घेऊन येशील आणि कुणाशी बोलणार नाहीस, त्याची वाटते. आत्यासारखं. जाऊ दे, ते आत्ता नको.

शनिवारी नंदूमामा पुण्याला येतोय. भडंग देतेय, लोणच्याची छोटी बरणी, आणि बाबांनी पाचशे रुपये दिलेत पुस्तकाला, दुसऱ्या कशाला वापरलेस तरी चालेल पण त्यांना सांगू नकोस. मामाला भेटायला खाली गेटवर ये, जीना चढताना त्याचा गुडघा दुखतो. त्याच्यासमोर रडू नकोस, तो लगेच मला फोन लावतो. नाही, आलं रडू तर रड. आणि फोन कर मला, कितीही वाजू देत, सौद्यांमुळं आम्ही पाचलाच उठलेले असतो.

आई