‘कायदेशीर’ हा एक शब्द काढा : केंद्रीय श्रममंत्र्यांना डब्लिनहून खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,

मी मूळची नाशिकची. गेली काही वर्षे डब्लिनच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करते. रात्रपाळी संपली की लिफी नदीच्या काठाने चालत कॉनोली स्टेशनवर येते आणि घरची गाडी पकडते. वाटेत बेरेस्फर्ड प्लेसला जाड मिशांच्या एका माणसाचा पुतळा लागतो. त्याच्यासमोर लिबर्टी हॉल ही कामगार युनियनची उंच इमारत आहे. स्टेशनलाही त्याचेच नाव दिलेले आहे. जेम्स कॉनोली. सुरुवातीला मला वाटे, असेल कुणी स्वातंत्र्यसैनिक. आपल्याकडेही स्टेशनांना, चौकांना नावे असतात आणि आपण त्याखालून रोज जातो. मग एकदा त्याच्याबद्दल वाचायला बसले आणि १९१३ सालचा एक कागद डोळ्यांपुढे आला. तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण तो कागद मी आमच्या घरी, सातपूरला पाहिला होता.

माझे आपल्याकडे एकच मागणे आहे, तेही औद्योगिक संबंध संहितेतल्या एका शब्दापुरते. पण त्याआधी या माणसाबद्दल मला थोडे सांगू द्या.

कॉनोलीचा जन्म १८६८ चा, एडिनबरातल्या काउगेट वस्तीतला. आयर्लंडहून पोट भरायला आलेली माणसे तिथे दाटीवाटीने राहत. वडील नगरपालिकेच्या गाडीवर रस्त्यावरचे शेण आणि घाण उचलत. दहा-अकरा वर्षांचा असताना पोरगा कामाला लागला. छापखाना झाला, बेकरी झाली, फरशीचा कारखाना झाला. त्याची मुलगी नोरा सांगत असे, की रात्री तो चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात वाचायचा आणि जळक्या काटकीने लिहायचा. चौदाच्या सुमारास वय वाढवून सांगून तो ब्रिटिश सैन्यात शिरला. ज्या साम्राज्याशी पुढे झुंजला, त्याचाच गणवेश त्याने पोटासाठी काही वर्षे अंगावर घातला. नंतर वडिलांसारखाच गाडीवान झाला. मध्ये चांभारकीचे दुकान काढले, तेही चालले नाही.

१८९६ मध्ये बायको लिली आणि लहान मुली घेऊन तो डब्लिनला आला. त्या वर्षी थॉमस स्ट्रीटवरच्या एका मद्यगृहात आठ जणांनी मिळून आयरिश सोशालिस्ट रिपब्लिकन पार्टी काढली, त्यांतला एक तो. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या देशबांधवांना बजावले, की उद्या इंग्रज फौज काढून टाकलीत आणि डब्लिन कॅसलवर हिरवा झेंडा लावलात, तरी समाजवादी प्रजासत्ताक उभे केले नाहीत तर सगळी खटपट फुकट. इंग्लंड भांडवलदारांच्या, जमीनदारांच्या हातून तुमच्यावर राज्य करीतच राहील. असे बोलणाऱ्याला आपल्या माणसांतही जागा मिळत नाही. आठवड्याचा पगार वेळेवर मिळेना, घरात खायला नसे. १९०३ मध्ये तो अमेरिकेला गेला. दुसऱ्या वर्षी कुटुंब त्याच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी तेरा वर्षांच्या थोरल्या मुलीच्या, मोनाच्या, एप्रनने पेट घेतला आणि ती गेली. तो न्यूयॉर्कला वाट बघत थांबला होता. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात मी काम केले आहे. याहून जास्त मला यावर लिहिता येणार नाही.

१९१० मध्ये तो परतला आणि पुढच्या वर्षी बेलफास्टमध्ये युनियनचे काम पाहू लागला. तिथल्या लिननच्या गिरण्यांत सूतकताई ओली व्हायची. बायका-मुली पाण्याने निथळणाऱ्या फरशीवर अनवाणी उभ्या राहत. १९११ मध्ये मालकांनी नवे नियम लावले : काम करताना गायचे नाही, हसायचे नाही, बोलायचे नाही, केस सारखे करायचे नाहीत. चुकल्यास दंड. मुली संपावर गेल्या, पण पदरी पैसा नव्हता आणि संप फार काळ टिकण्यासारखा नव्हता. कॉनोलीने त्यांना खोटी आशा दाखवली नाही. त्याने सांगितले, परत जा, पण एकेकट्या जाऊ नका. दारातून सगळ्या मिळून आत शिरा. एकीला गाण्यावरून टोकले तर सगळ्यांनी गायला लागा. एकीला काढले तर सगळ्यांनी बाहेर पडा. मुली गात आत गेल्या. एकीला घरी पाठवले तशा सगळ्या उठल्या. ते नियम मग कागदावरच राहिले.

संप हरत आलेला असताना माणसांची मान खाली जाऊ न देता त्यांना कामावर परत कसे न्यायचे, हे या माणसाला कळत होते. मला त्याचे मोठेपण यात दिसते. बंदूक त्याने बऱ्याच पुढे हाती घेतली.

आता त्या कागदाविषयी. १९१३ चे डब्लिन म्हणजे ट्रामचे मालक विल्यम मार्टिन मर्फी यांचे डब्लिन. वर्तमानपत्रही त्यांचेच. शहरातली वीस हजारांवर कुटुंबे एकेका खोलीत संसार करीत. हेन्रिएटा स्ट्रीटवर १४ नंबरचे घर आहे, आता तिथे संग्रहालय केले आहे. १९११ मध्ये त्या एका घरात शंभर माणसे राहत होती. मी ते पाहून आले. जिन्याच्या भिंतीचा तांबडा-निळा रंग हाताच्या घासाने गेलेला आहे. मला आजोळची लालबागची चाळ आठवली, पण चाळीत निदान गॅलरी होती.

मर्फींनी युनियनच्या माणसांना कामावरून काढायला सुरुवात केली. २६ ऑगस्टला ट्रामवाल्यांनी गाड्या जागच्या जागी उभ्या केल्या. ३१ तारखेला पोलिसांनी सॅकव्हिल स्ट्रीटवर लाठ्या चालवल्या. मग चारशेवर मालक एकत्र आले आणि कामगारांपुढे एक छापील कागद ठेवला. त्याचा आशय असा : मालक किंवा त्यांच्या वतीने कोणीही देईल त्या सगळ्या सूचना मी पाळीन, आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनचा सभासद असल्यास ताबडतोब राजीनामा देईन, त्या युनियनमध्ये जाणार नाही, तिला कोणत्याही प्रकारे मदत करणार नाही. खाली सही.

सही नाही तर काम नाही. वीस हजारांवर माणसे टाळेबंदीत रस्त्यावर आली. त्यांत त्या युनियनशी काडीचा संबंध नसलेलेही होते. असा कागद सही करण्याजोगा नाही एवढ्यावरच त्यांनी नकार दिला. सरकारने सर जॉर्ज आस्क्विथ यांची चौकशी समिती नेमली. ब्रिटिश सरकारची समिती, कामगारांची नव्हे. तिनेही म्हटले, की हा कागद व्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे आणि कोणत्याही कामगाराने तो मान्य करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. मालकांनी तेही धुडकावले. १९१४ च्या सुरुवातीला भुकेने गांजलेले कामगार परतू लागले. जमेल त्याने सही न करता जावे, असा युनियनचा सल्ला होता. अनेकांना सही करावी लागली. पराभवाची आणि विश्वासघाताची धूळ आम्हाला खावी लागते आहे, असे कॉनोलीने त्या फेब्रुवारीत लिहिले.

मंत्रिमहोदय, माझे बाबा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. नव्वदच्या दशकात पगारवाढीच्या करारावरून तिथे बिनसले, काम थांबले आणि गेटला टाळे लागले. साडेतीन महिने. किराणावाल्याकडची वही भरली. आईने बांगड्या गहाण ठेवल्या. मग एक दिवस निरोप आला, गेट उघडतेय, पण आधी बाँड, म्हणजे हमीपत्र, लिहून द्यायचा. सिक्युरिटीच्या केबिनच्या खिडकीत दोऱ्याने बांधलेले बॉलपेन होते आणि टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा. मी बाबांचा डबा घेऊन सोबत गेले होते, म्हणून मला ते पेन आठवते. रांग होती. कोणी कोणाकडे बघत नव्हते.

त्या कागदाची कार्बनची प्रत बाबांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. मला ती ते निवृत्त झाल्यावर सापडली. पहिलेच वाक्य असे : ‘मी बेकायदेशीर संपात भाग घेतला, याबद्दल मला खेद होत आहे.’ पुढे शिस्त, उत्पादन, वरिष्ठांच्या आज्ञा, आणि यापुढे अशा कोणत्याही हालचालीत सहभागी होणार नाही. खाली बाबांची सही, नेहमीपेक्षा लहान.

असा बाँड घेण्याला आपल्या कायद्यात बंदी होती, हे मला फार उशिरा कळले. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या पाचव्या परिशिष्टात ही अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण त्या कलमात एक शब्द आहे. ‘कायदेशीर’ संपावर असलेल्या कामगाराकडून कामावर घेण्याची पूर्वअट म्हणून चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागू नये, असे ते म्हणते.

संप कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरायला वर्षे जातात. बाँडवर सही व्हायला मात्र एक सकाळ पुरते. आणि तो कागद मालकाने टाइप केलेला असतो. त्याच्या पहिल्याच ओळीत कामगाराकडून वदवून घेतलेले असते, की माझा संप बेकायदेशीर होता. म्हणजे ज्या शब्दावर संरक्षण टांगलेले, तोच शब्द कामगाराच्या सहीने खोडून घ्यायचा. आता तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची झाली आहे. पूर्वी ती सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. समेटाची कार्यवाही चालू असतानाही संप चालत नाही. कायदेशीर संपाची वाट इतकी अरुंद झाल्यावर त्या कलमाचा आसरा किती जणांना मिळणार? आणि मालकानेच टाळे ठोकले असेल, तर त्या कामगाराला कलमात जागाच नाही. १९१३ च्या डब्लिनमध्ये नेमके तेच झाले होते.

हे मी आपल्यालाच का लिहिते, तेही सांगते. १९१३ मध्येच बेरहामपूरचा एक तरुण कायदा शिकायला डब्लिनला आला होता. वराहगिरी व्यंकट गिरी. टाळेबंदीचे डब्लिन आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावाचे डब्लिन त्यांनी इथे राहून पाहिले. १९१६ मध्ये त्यांना इथून जावे लागले. भारतात आल्यावर ते रेल्वे कामगारांच्या चळवळीत शिरले. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचे कामगार मंत्री झाले. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. नोएडातली राष्ट्रीय श्रम संस्था आज त्यांच्या नावाने चालते आणि ती आपल्याच मंत्रालयाखाली येते.

कॉनोलीने १९१६ च्या ईस्टरला बंड केले, जनरल पोस्ट ऑफिसाजवळ लढताना त्याच्या घोट्यात गोळी शिरली. जखम सडू लागली. डब्लिन कॅसलमधल्या रुग्णखोलीतून १२ मेच्या पहाटे त्याला अँब्युलन्सने किल्मेनहॅमच्या तुरुंगात नेले, उभे राहता येईना म्हणून खुर्चीला बांधले आणि गोळ्या घातल्या. मी त्या तुरुंगाच्या दगडफोडीच्या अंगणात गेले होते. एक साधा काळा क्रूस आहे. परिचारिकेच्या डोळ्यांना तिथे आधी एक रुग्ण दिसतो, ज्याला पलंगावरून हलवायला नको होते.

माझ्या इथल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात चहाच्या खोलीत एका वयस्कर आयरिश सहकारिणीने माझ्यापुढे युनियनचा अर्ज सरकवला आणि पेन दिले. मालकाने युनियनशी बोललेच पाहिजे असा कायदा इथे नाही, त्यामुळे इथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी सही करताना मला कोणी बघते आहे का, हे मी वळून पाहिले. सातपूरची सवय. ती बाई हसली नाही. तिने फक्त विचारले, तुझ्या घरात कुणाला त्रास झाला होता का?

म्हणून माझी मागणी अशी. औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या त्या नोंदीतून ‘कायदेशीर’ हा शब्द काढावा आणि टाळेबंदीचा उल्लेख तिथे घालावा. संप असो की टाळेबंदी, गेटच्या आत यायची किंमत म्हणून कोणाकडूनही बाँड लिहून घेता येणार नाही, एवढे स्वच्छ लिहावे. कायदा मोडणाऱ्या कामगारावर कारवाई करायला बाकीची कलमे आहेतच. त्यासाठी त्याच्या तोंडून आधी कबुली घेण्याची गरज नाही. आणि असे बाँड पूर्वी ज्यांनी दिले, त्यांच्याविरुद्ध ते कोणत्याही चौकशीत पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत, असेही त्यात यावे.

बाबांच्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडत आहे. कंपनीचे नाव आणि त्यांचे नाव काळ्या शाईने झाकले आहे. सही झाकलेली नाही, ती झाकू नको असे ते फोनवर म्हणाले.

आपली विश्वासू,
सातपूरच्या एका टर्नरची मुलगी
डब्लिन